१९६८ चं शेवरोले ३९६ इंजिन: शेजारच्या आजींना काय भाव सांगू?

डेटनकर
नमस्कार मंडळी. आम्ही ओहायोत डेटनजवळ राहतो. शेजारच्या अमेरिकन आजींचे यजमान गेले आणि आता त्या घर आवरायला काढतायत. गॅरेजमध्ये स्टँडवर एक इंजिन आहे, शेवरोलेचं ३९६ व्ही-८, म्हणजे ३९६ घन इंचांचं, आठ सिलिंडरचं. आजोबांनी ते फार वर्षांपूर्वी शेतावरच्या एका लिलावात सुटंच घेतलं होतं. ते ज्या गाडीचं, ती गाडी त्यांच्याकडे कधीच नव्हती.

परवा एक जण आला, "जुनं लोखंड आहे" म्हणाला आणि ४०० डॉलर रोख देऊन उचलायला निघाला होता. आजींनी त्याला थांबवलं आणि माझ्याकडे आल्या. नेटवर तसंच इंजिन कुणी साडेसहा हजारांना लावलंय. मी सॉफ्टवेअरमधली, मला यातलं कळत नाही, पण आजींना कुणी फसवू नये एवढं नक्की वाटतं. रंग केशरी, इनटेक मॅनिफोल्ड (हवा-पेट्रोल सिलिंडरांकडे नेणारा भाग) बीडाचं, वर रोचेस्टरचा क्वाड्राजेट कार्बोरेटर. पुढच्या बाजूला एक सपाट पट्टी आहे, तिच्यावर गंजाखाली अक्षरं दिसतात.

हायवे७५
ताई, वायर ब्रश किंवा पॉलिश पेपर मारा त्या पट्टीवर, अक्षरं लख्ख दिसतील. आणि ईबेवर लोक काय मागतात त्याची सरासरी काढा, झालं.

टूलरूमकाका
ताई, ब्रश हातातला खाली ठेवा! त्या पट्टीला काहीही घासू नका. चिंधीवर थोडं पातळ तेल किंवा रॉकेल घ्या, हळू पुसा, आणि तिरपा उजेड टाकून फोटो काढा. इंजिनाची निम्मी किंमत त्या दोन बोटं रुंद जागेत आहे.

मी पिंपरीला टूलरूममध्ये शिकलो आणि इथे मिशिगनमध्ये मशीन शॉपमधून निवृत्त झालो. हे बिग ब्लॉक, म्हणजे शेवरोलेची मोठ्या आकाराची व्ही-८ इंजिनं, टेबलावर भरपूर पाहिले, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पट्टीवर पहिलं अक्षर टी असेल, तर इंजिन न्यूयॉर्क राज्यातल्या टोनावांडा कारखान्यात जोडलेलं. पुढचे चार आकडे महिना आणि तारीख, शेवटची दोन अक्षरं म्हणजे ते कोणत्या गाडीसाठी, किती ताकदीचं आणि कोणत्या गिअरबॉक्सचं. १९६८ पासून ब्लॉकवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ओतीव भागावर, गाडीच्या चेसिस नंबराचा तुकडाही ठोकलेला असतो, याच पट्टीवर नाहीतर तेलाच्या फिल्टरजवळ. १८के असं सुरू झालं तर १ म्हणजे शेवरोले, ८ म्हणजे ६८ साल, के म्हणजे कॅन्सस सिटी, पुढे सहा आकडे. ज्याच्याकडे ती गाडी आजही आहे, त्याला हे इंजिन दुसऱ्या कुणापेक्षा कितीतरी जास्त मोलाचं. स्वतःच्या मूळ इंजिनासह असलेल्या गाडीचा भाव वेगळाच असतो. बाकीच्यांना ते एक चांगलं ३९६, एवढंच.

म्हणूनच खोटे नंबर ठोकणारेही आहेत. कारखान्यात ब्रोचिंग केल्यावर (दातेरी हत्याराने सपाट तासल्यावर) पट्टीवर पुढून मागे जाणाऱ्या बारीक समांतर रेघा राहतात. ब्लॉकचा माथा पुन्हा मशीन केला, की त्या रेघाही जातात आणि नंबरही. तुम्ही घासलंत तर खऱ्या नंबरावरही जाणकार संशय घेईल.

ब्लॉकच्या मागच्या कडेला ओतकामाचा नंबर असतो, आणि बाजूवर ओतल्याची तारीखही सापडेल: बी म्हणजे फेब्रुवारी, मग दिवस, मग सालाचा शेवटचा आकडा. ही तारीख जोडणीच्या थोडी आधीची हवी. नंतरची निघाली तर काहीतरी गडबड आहे.

आता ताकद. हे शेवेलचं धरलं, तर ६८ च्या शेवेल एसएस ३९६ या शेवरोलेच्या गाडीत ३२५, ३५० आणि ३७५ हॉर्सपॉवर अशी तीन इंजिनं होती. ३७५ वाल्याला, म्हणजे एल७८ ला, ॲल्युमिनियमचं इनटेक, हॉली कार्बोरेटर आणि चौकोनी पोर्टची (हवा जाण्याच्या भोकांची) सिलिंडर हेडं. तुमच्याकडे बीडाचं इनटेक आणि क्वाड्राजेट आहे. ते कुणी बदललेले नसतील तर हे ३२५ किंवा ३५० असणार. एल कमिनो हा पिकअप धरून त्या वर्षी एसएस ३९६ साठ हजारांवर बनल्या, तेव्हा दुर्मिळ म्हणता येत नाही. ७० सालच्या ४५४ एलएस६ या जास्त ताकदीच्या इंजिनाचा सीआरव्ही कोड पट्टीवर असता तर बोलणं वेगळं झालं असतं.

ईबेवर मागितलेली किंमत बघू नका, 'विकलेले' हा फिल्टर लावून बघा. साडेसहा हजार मागणारा वर्षभर मागत बसू शकतो.

आणि एक काम आजच करा. क्रँकच्या पुढच्या बोल्टला मोठा पाना लावून इंजिन हाताने फिरतं का पाहा. स्पार्क प्लग आधी काढा, जोर करू नका. ब्लॉकच्या बाजूचे फ्रीझ प्लग (पाण्याच्या जागेवरची गोल पत्र्याची झाकणं) बाहेर ढकललेले आहेत का तेही बघा. ओहायोच्या थंडीत आत पाणी राहून गोठलं असेल तर ब्लॉक फुटलेला असू शकतो.

न्यूजर्सीबापू
काका बरोबर बोलतायत. वजनाचंही धरा, बीडाचा बिग ब्लॉक ३०० किलोच्या आसपास जातो. लांब पाठवायचा तर पॅलेटवर बांधून मालवाहतुकीने, आणि ते भाडं घेणारा किमतीतूनच कापतो. गाडी घेऊन येईल असा जवळपासचा गिऱ्हाईक बरा.

डेटनकर
काका, खूप आभार. रॉकेलने पुसलं. टी०२१४ आणि पुढे दोन अक्षरं, खाली १८के आणि सहा आकडे. समांतर रेघा स्पष्ट आहेत. ओतकामाची तारीख बी५८. इंजिन फिरतं! फ्रीझ प्लग जागेवर आहेत. मुलाचा कॅमेरा प्लगच्या भोकातून घातला, पिस्टनवर ०३० असं कोरलंय. ते काय?

टूलरूमकाका
वा, छान काम केलंत. ५ फेब्रुवारीला ओतलेलं, १४ फेब्रुवारीला जोडलेलं, अगदी पटतं.

०३० म्हणजे सिलिंडर एकदा तीस थाउ (इंचाचे तीस हजारांश) मोठे बोअर केलेत, मूळ ४.०९४ इंच, आता ४.१२४. इंजिन एकदा उघडून बांधलेलं आहे. थोडं मोल कमी, पण ब्लॉक बाद नाही. रेघा शाबूत आहेत म्हणजे ब्लॉकचा माथा घासलेला नाही, आणि ते फार मोलाचं. कॅमेऱ्यात भिंतींवर तिरप्या जाळीसारख्या खुणा दिसल्या तर बोअर अजून चांगले आहेत. उभे ओरखडे दिसले तर पुन्हा बोअरिंग, आणि मग भिंतीची जाडी अल्ट्रासाउंडने मोजल्याशिवाय कुणी शहाणा पैसे देणार नाही.

किमतीचं माझं मत: तडा नसेल आणि हेडं मूळची असतील, तर साधारण गिऱ्हाइकाकडून दीड ते दोन हजार डॉलर. पाचशेच्या खाली आजींनी बोलूच नये. त्या चेसिस नंबराच्या गाडीचा मालक सापडला तर चार हजारांपासून बोलायला हरकत नाही. नव्याने बांधायला मशीन शॉप आणि सामान मिळून पाच-सात हजार सहज लागतात, म्हणून यापुढे फार ताणू नका.

ती दोन अक्षरं शेवेलची असतील, तर शेवेलवाल्यांच्या मंचांवर जाहिरात द्या. चेसिस नंबराचे पहिले आकडे लिहा, शेवटचे तीन झाका. खरा मालक ते तीन आकडे स्वतः सांगेल. पट्टीचा जवळून काढलेला फोटो मात्र कुणालाही पाठवू नका, बघायला घरी या म्हणा. आणि त्या ४०० वाल्याला कळवून टाका की इंजिन विकायला अजून वेळ आहे.