स्टेक घरी करताना आधी ओव्हन की थेट तवा?

मंद आच

गेल्या महिन्यात चार सेंटिमीटर जाडीचा रिबआय (बरगडीजवळच्या मांसाचा स्टेक) आणला आणि आजवर करत आले तसाच केला. बिडाचा तवा धूर येईपर्यंत तापवला, एक बाजू चार मिनिटं, उलटून दुसरी चार मिनिटं. वरून रंग सुरेख आला. कापला तर खरपूस थराखाली दोन्ही बाजूंनी सेंटिमीटरभर राखाडी, कोरडं मांस आणि ऐन मध्यभागी गार, कच्चा गाभा. मला हवा होता तो गुलाबी भाग म्हणजे या दोन्हींच्या मधली बारीक रेघ. जेवताना फार वाईट वाटलं.

त्यानंतर मी पद्धत उलटी केली आणि आता माझं ठाम मत झालंय की जाड स्टेक घरी करायचा तर आधी ओव्हन, मग तवा. खमंग रंग यायला पृष्ठभाग १४० अंश सेल्सिअसच्या वर जावा लागतो. आतलं मांस मात्र ५४ ते ५७ अंशांवर सगळ्यात रसाळ असतं. ही दोन वेगळी कामं आहेत, ती एका धगीत उरकायला गेलं की एक बिघडतंच.

आदल्या रात्री मीठ लावून स्टेक जाळीवर, न झाकता फ्रीजमध्ये ठेवते. दुसऱ्या दिवशी १२० अंशांच्या ओव्हनमध्ये, आतलं तापमान ४७-४८ होईपर्यंत. जाडीप्रमाणे पंचवीस ते पस्तीस मिनिटं लागतात. मग कडक तापलेल्या तव्यावर प्रत्येक बाजू जेमतेम मिनिटभर. ओव्हनमध्ये वरचा ओलावा उडालेला असतो, त्यामुळे तव्याची धग पाणी उडवण्यात वाया जात नाही आणि रंग लगेच धरतो. आत या कडेपासून त्या कडेपर्यंत एकसारखा गुलाबी. थर्मामीटर मात्र हवाच, त्याला पर्याय नाही.

बिडाचा तवा

असहमत. धागाकर्तीचा अनुभव खरा आहे, पण दोष तव्यावर ढकललाय. चार मिनिटं एका कुशीवर निजवून ठेवलात तर राखाडी पट्टा येणारच!

दर अर्ध्या मिनिटाला उलटा. वर आलेली बाजू जरा निवते, खालची तापते, आणि उष्णता आत हळूहळू, दोन्हीकडून सारखी पोचते. शिजतोही लवकर. शेवटच्या दोन मिनिटांत आच कमी करून लोणी, ठेचलेला लसूण, थाइमची (एक सुवासिक पाला) काडी टाका आणि तवा तिरका धरून ते फेसाळलेलं लोणी चमच्याने वर ओतत राहा. लोणी सुरुवातीला टाकू नका, त्यातला दुधाचा अंश करपून कडू होतो.

शिवाय बहुतेकांच्या घरी येतो तो दोन सेंटिमीटरचा स्टेक. तो ओव्हनमध्ये घातलात तर तव्यावर रंग येईपर्यंत आतून पार शिजलेला असेल. त्याला ओव्हन दाखवूच नये.

जुनी शेगडी

दोघांशीही असहमत. मी तीस वर्षं स्टेक करतोय. एकदाच उलटायचा, मध्ये हात लावायचा नाही. कडक आचेवर बाहेरचा थर घट्ट झाला की रस आत कोंडला जातो, सारखं उलटून तुम्ही तो बाहेर घालवता. आणि थर्मामीटर कशाला? बोटाने दाबून पाहावं. अंगठ्याच्या बुडाचं मांस जसं लागतं तसा स्टेक लागला की उतरवायचा. सुई खुपसली की भोक पडतं, रस गळतो. काट्यावर नजर ठेवून हात कधी तयार होत नाही.

बिडाचा तवा

@जुनी शेगडी, तुमच्या अनुभवाचा मान ठेवून सांगतो, रस कोंडला जात नाही. ही कल्पना युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९व्या शतकाच्या मध्यावर लोकप्रिय केली, आणि ती चुकीची असल्याचं पुढे प्रयोगांत दिसलं. तुमच्या तव्याकडेच कान द्या ना. चरचर होते ती बाहेर आलेल्या पाण्याची वाफ होते म्हणून. थर खरोखर बंद झाला असता तर आवाज थांबला असता. कडक आच हवी ती चवीसाठी.

मंद आच

बोटाच्या परीक्षेवर माझा मुख्य आक्षेप असा की प्रत्येकाचा तळहात वेगळा आणि प्रत्येक तुकडाही वेगळा. टेंडरलॉइन मुळातच लुसलुशीत, सरलॉइन तेवढ्याच तापमानाला कितीतरी घट्ट. एकच प्रकार, एकाच जाडीचा, वर्षानुवर्षं केला तर बोटाला कळेल, तुम्हाला कळतही असेल. महिन्यातून एकदा करणाऱ्याला ते कसं जमावं? सुईच्या भोकातून पडणारे दोन थेंब मला चालतात, आठ अंशांनी जास्त शिजलेला स्टेक चालत नाही.

दोन सेंटिमीटरच्या बाबतीत @बिडाचा तवा यांचं म्हणणं मान्य. माझा मुद्दा तीन सेंटिमीटरच्या पुढचा होता, तो शीर्षकातच लिहायला हवा होता.

स्वच्छ फळी

तुम्ही सगळे ५४-५७ सहज लिहून मोकळे होता म्हणून मध्ये पडतेय. अमेरिकेच्या कृषी विभागाची शिफारस अख्ख्या तुकड्यासाठी ६३ अंश आणि वर तीन मिनिटं विश्रांती अशी आहे. जंतू प्रामुख्याने पृष्ठभागावर असतात आणि तव्यावर तो तापतो, हे मला माहीत आहे. पण मऊ करायला सुयांनी टोचलेलं मांस असेल तर वरचे जंतू आत गेलेले असतात, तिथे हा युक्तिवाद टिकत नाही. घरात गर्भवती, वृद्ध किंवा लहान मूल असेल तर ६३च्या खाली जाऊच नका. गुलाबी रंगाच्या हौसेपायी कुणाला आजारी पाडू नये.

मंद आच

पूर्ण सहमत, हे मूळ धाग्यात यायला हवं होतं. म्हणूनच थर्मामीटरचा आग्रह. ६३ गाठायचे तरी आकडा दिसायला हवा, कारण रंग फसवतो.

बिडाचा तवा

थर्मामीटर मीही वापरतो, फक्त वरून टोचत नाही. बारीक स्टेकमध्ये वरून टोचलेली सुई मध्य ओलांडून जाते, म्हणून चिमट्याने उचलून कडेने आडवी घालायची. आणि ठरलेल्या आकड्याच्या तीन-चार अंश आधी उतरवायचा, कारण तव्यावरच्या स्टेकचं तापमान उतरवल्यावरही चढतं.

मिठाबद्दल धागाकर्ती बरोबर आहेत, पण रात्रभर वेळ नसेल त्यांच्यासाठी लिहितो. एकतर किमान पाऊण तास आधी लावा, नाहीतर अगदी तव्यात टाकताना. दहा-पंधरा मिनिटं आधी लावलंत तर मिठाने ओढलेलं पाणी वरच तरंगत असतं, ते आत परत मुरलेलं नसतं. असा ओला स्टेक तव्यावर भाजत नाही, उकडतो.

ओव्हनबद्दल मात्र माझं मत तेच. तव्यावर मिनिटभरच ठेवलेल्या स्टेकच्या कडेची चरबी नीट वितळत नाही, खाताना रबरासारखी दाताखाली येते. त्याचं काय करता?

मंद आच

चिमट्याने उभा धरून आधी चरबीची कड तव्यावर टेकवते, दीड-दोन मिनिटं. सुटलेल्या चरबीतच मग दोन्ही बाजू भाजते, वेगळं तेल लागत नाही.

जुनी शेगडी

कड आधी टेकवायची हे मीही करतो. चरचरीचा मुद्दा पटला, रविवारी अर्ध्या-अर्ध्या मिनिटाने उलटून पाहीन. बोटाची परीक्षा सोडणार नाही.