बेटावरच्या सुट्टीत लक्षात राहील असे जेवण कसे शोधावे?

निळाई (प्रश्न)

येत्या हिवाळ्यात आम्ही कुटुंबातील चौघे जण उष्ण कटिबंधातील एखाद्या बेटावर सुट्टीसाठी जाण्याचा विचार करत आहोत. बाली, श्रीलंका आणि झांजिबार ही तीन नावे सध्या यादीत आहेत आणि अंतिम निर्णय व्हायचा आहे. विमानप्रवास आणि मुक्काम यांची माहिती हवी तेवढी मिळाली. जेवणाच्या बाबतीत मात्र जिकडे पाहावे तिकडे ‘चुकवू नयेत अशी दहा ठिकाणे’ याच थाटाच्या याद्या दिसतात आणि कोणत्या बेटाची कोणती यादी हे वरचे नाव झाकले तर ओळखूही येऊ नये, इतकी त्यांतील छायाचित्रे सारखी आहेत: तोच सूर्यास्त, त्याच वेताच्या खुर्च्या, अननसाच्या कवचात वाढलेला तोच भात.

आमची अपेक्षा फार नाही. जे त्या बेटावरच मिळू शकते आणि घरी परतल्यावरही आठवत राहील असे जेवण त्या आठवड्यात दोन-तीनदा मिळाले तरी पुरेसे आहे. त्यासाठी निघण्यापूर्वी काय पाहून ठेवावे, तेथे पोहोचल्यावर ठिकाण कशावरून पारखावे, आणि न्याहारीबरोबर रात्रीचे जेवणही समाविष्ट असलेले रिसॉर्टचे पॅकेज घ्यावे की घेऊ नये, याविषयी जाणकारांनी लिहावे. नुसती नावे देण्यापेक्षा निवड कशी करता ते सांगितल्यास अधिक उपयोग होईल.

गलबत

माझ्या मते आपण सगळे ‘कुठे’ हा प्रश्न आधी विचारतो आणि ‘केव्हा’ हा विचारतच नाही. बेटांवर मात्र चांगले जेवण बऱ्याचदा ठरावीक वेळेला आणि ठरावीक वारालाच मिळते. तुमच्या यादीतील श्रीलंकेचेच उदाहरण घ्या. तेथील भात आणि भाज्या-कालवणांचे ताट हे मुख्यतः दुपारचे जेवण आहे. साध्या खानावळीत मातीच्या भांड्यांची रांग मांडलेली असते, आपण हाताने वाढून घेतो, आणि दोन वाजून गेले की भांड्यांचे तळ दिसू लागतात. रात्री त्याच गावात हॉपर, म्हणजे वाटीच्या आकाराचे कडेला कुरकुरीत आप्पम, आणि कोत्तू यांचे राज्य असते. तव्यावर दोन पाती आपटत रोटी तुकडे तुकडे करण्याचा कोत्तूचा आवाज दुरूनच ऐकू येतो. जो प्रवासी दुपारी सँडविच खाऊन रात्री नऊला ‘राइस अँड करी’ मागतो, त्याला ते मिळते खरे, पण बहुधा पाहुण्यांसाठी नव्याने आणि बेतास बात तिखट केलेले.

झांजिबारमध्ये नेमके उलटे आहे. स्टोन टाउन या तेथील शहराच्या जुन्या भागातील फोरोधानी बाग दिवसा नुसती बाग असते. सूर्य मावळू लागला की तेथे ठेले लागतात आणि कंदिलांच्या उजेडात कोळशावर मांस आणि मासे भाजले जातात. बार्बाडोसमधील ऑइस्टिन्स या मासेमारीच्या गावी शुक्रवारच्या रात्रीला महत्त्व आहे, तर पोर्तो रिको येथील ग्वावाते या डोंगरातील वस्तीत अख्खे डुक्कर भाजणाऱ्या खानावळी शनिवार-रविवारी गजबजतात. यांपैकी कोठेही मंगळवारी दुपारी पोहोचणारा माणूस ‘फारसे काही नाही’ असा अभिप्राय लिहून मोकळा होतो, आणि तो अभिप्राय वाचून आपण ते ठिकाण वगळतो.

पॅकेजच्या प्रश्नाचे उत्तरही यातच आहे. श्रीलंकेत रात्रीचे जेवण रिसॉर्टवर घेतले तर नुकसान तुलनेने कमी, कारण दिवसाचे मोठे जेवण दुपारी बाहेर झालेले असते. झांजिबारमध्ये मात्र तुमचा मुक्काम स्टोन टाउनमध्ये असेल तर रात्रीचे जेवण आधीच विकत घेऊन ठेवण्यात काहीच अर्थ नाही. पूर्व किनाऱ्यावर राहणार असाल तर गोष्ट वेगळी. तेथे रात्री अंधारात जाण्यासारखी ठिकाणे तुमच्या रिसॉर्टच्या आसपास किती आहेत हे नकाशावर आधी पाहावे.

दुसरी कसोटी म्हणजे मेनू. बेटांवरचा बराचसा किराणा जहाजाने किंवा विमानाने येतो. हवाईसारख्या सुपीक बेटांवरही खाद्यपदार्थांचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भाग बाहेरून आणला जातो. त्यामुळे समुद्राकाठच्या फलकावर ‘ताजा सामन’ असे लिहिलेले दिसले की समजावे, हा थंड पाण्यातला मासा आपल्याइतकाच लांबून विमानाने आला आहे. पिझ्झा, पास्ता, थाई, मेक्सिकन असा आठ पानी मेनू असेल तर त्यामागे मोठा शीतकपाट असणार. याउलट फळ्यावर खडूने चार पदार्थ लिहिलेले असतील आणि त्यांतला एक पुसलेला असेल, तर तेथे बसण्यास हरकत नाही.

आंतरजालावरील अभिप्राय मी वाचतो, परंतु ते ‘नवीन आधी’ अशा क्रमाने लावून, आणि तारे मोजण्याऐवजी ग्राहकांनी काढलेली ताटांची छायाचित्रे पाहून. बेटांवर आचारी बदलतात, मालक बदलतात, वादळात छप्पर जाते. तीन वर्षांपूर्वीच्या पाच ताऱ्यांवर विसंबून टॅक्सी करू नये.

शिंपला

गलबत यांनी वेळेविषयी लिहिले ते पटले. त्यात भरती-ओहोटीची भर घालतो. झांजिबारच्या पूर्व किनाऱ्यावर ओहोटीला पाणी फार लांबवर मागे जाते आणि गावातल्या स्त्रिया हातात काठी घेऊन खडकांच्या कपारींत ऑक्टोपस शोधत फिरतात. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी अधिक हटते, म्हणून त्या दिवसांत नारळाच्या दुधातील ऑक्टोपसचे कालवण मागावे. काही गावांत ऑक्टोपस वाढावेत म्हणून ठरावीक काळ खडकांवरची पकड बंदही ठेवतात. त्या वेळी ‘आज नाही’ असे सांगणारे दुकान मला जास्त भरवशाचे वाटते.

हेच तत्त्व शेवंडीला, म्हणजे लॉबस्टरला लागू पडते. बहामात १ एप्रिल ते ३१ जुलै आणि जमैकात १ एप्रिल ते ३० जून हा काटेरी शेवंडीचा बंदीकाळ असतो. त्या महिन्यांत कोणी ‘आजच पकडलेली’ म्हणून पुढे करत असेल तर एक तर ते खोटे आहे किंवा बेकायदा आहे. आपण जाणार त्या बेटावर कशाचा बंदीकाळ केव्हा असतो एवढे निघण्यापूर्वी पाहून ठेवले, तरी मेनूतले अर्धे खरे-खोटे बसल्या जागी कळते.

बालीला गेलात तर जिंबारानच्या किनाऱ्यावर वाळूत मांडलेल्या टेबलांवर भाजलेले मासे खाण्याचा आग्रह सगळेच करतील. तेथे मासा निवडायचा आणि वजनावर पैसे द्यायचे, अशी पद्धत आहे. काट्यावर आधी रिकामे टोपले ठेवायला सांगावे, आकडा शून्यावर आलेला स्वतः पाहावा, मासा ठेवल्यावर वजन आणि दर दोन्ही कागदावर लिहून घ्यावेत, आणि मगच तो निखाऱ्यांकडे जाऊ द्यावा. यात कोणाला राग येत नाही. राग येतच असेल तर शेजारच्या दुकानात जावे, तोच समुद्र तेथूनही दिसतो. मात्र तुम्ही हिवाळ्यात जाणार आहात आणि तेव्हा बालीत पावसाळा असतो. पश्चिमेच्या वाऱ्यांनी त्या बाजूच्या किनाऱ्यांवर समुद्रातला कचराही येऊन पडतो, हे छायाचित्रांत दिसत नाही.

एक इशारा गंभीरपणे देतो. प्रवाळखडकांवरच्या मोठ्या भक्षक माशांत, उदाहरणार्थ बॅराकुडा आणि मोठा ग्रूपर यांत, सिग्वाटेरा नावाचे विष साठलेले असू शकते. ते खडकांवर वाढणाऱ्या सूक्ष्म शैवालातून येते आणि लहान माशांकडून मोठ्या माशांत जमत जाते. शिजवून किंवा गोठवून ते जात नाही, आणि वासावरून वा चवीवरून ओळखूही येत नाही. कॅरिबियन, प्रशांत आणि हिंदी महासागर या तिन्हीकडील बेटांवर हा धोका आहे. म्हणून ‘सर्वांत मोठा मासा’ हा हट्ट सोडावा. कोणत्या खडकाचा मासा खाऊ नये हे स्थानिक कोळी जाणून असतात, त्यांना विचारावे. टुना मात्र बर्फात ठेवलेलाच घ्यावा, कारण तो उन्हात राहिला तर त्यात हिस्टामाइन तयार होते आणि तेही भाजून नष्ट होत नाही. पहिल्या घासाला जिभेवर मिरीसारखी चुणचुण जाणवली तर ताट बाजूला सारावे.

दीपमाळ

दोघांचेही लेखन उपयुक्त आहे, पण त्यातून डोकावणारा ‘पांढरे टेबलक्लॉथ म्हणजे पर्यटकांची फसवणूक’ हा सूर मला मान्य नाही. मोठे रेस्टॉरंट आणि ठेला यांत खरे-खोटे अशी विभागणी करता येत नाही. सिंगापूर हेही उष्ण कटिबंधातील बेटच आहे; २०१६ साली उत्तम रेस्टॉरंटना तारे देणाऱ्या मिशलिन मार्गदर्शिकेची तेथील पहिली यादी आली, तेव्हा दोन हॉकर ठेल्यांना, म्हणजे स्वस्त तयार जेवण विकणाऱ्या साध्या ठेल्यांना, प्रत्येकी एक तारा मिळाला होता, आणि २०२० साली तेथील हॉकर संस्कृतीचा युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत समावेश झाला. दुसऱ्या बाजूला अनेक बेटांवर असे आचारी आहेत, जे आसपासच्या शेतांतून रोज माल आणून अत्यंत विचारपूर्वक स्वयंपाक करतात. अशा एका ठिकाणासाठी संपूर्ण सहलीतली एक संध्याकाळ राखून ठेवावी आणि बाकी दिवस ठेल्यांवर काढावेत, असे मी सुचवीन.

मात्र अशा ठिकाणाचे आरक्षण करण्याआधी परतीची व्यवस्था ठरवावी. छोट्या बेटांवर रात्री टॅक्सी रस्त्यावर सहज मिळत नाही आणि शेवटची फेरीबोट कोणासाठी थांबत नाही. मिठाई येण्याआधी घड्याळ पाहत बसावे लागले तर आचाऱ्याचे सगळे कौशल्य वाया जाते. आणखी एक, मेनूतील किमतीपुढे ‘++’ अशी खूण असेल तर सेवाशुल्क आणि कर वेगळे लागतात. सिंगापुरात २०२४ पासून कर ९ टक्के आहे आणि सेवाशुल्क सहसा १० टक्के असते. बालीतही ही खूण सर्रास दिसते. चार माणसांच्या बिलात हा फरक चांगलाच जाणवतो.

तारखाही तपासाव्यात. न्येपी या बालीच्या नववर्षाच्या मौनाच्या दिवशी संपूर्ण बाली चोवीस तास बंद असते, विमानतळसुद्धा. तो बहुधा मार्चमध्ये येतो. रमझानचा महिना दर वर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो आणि त्या काळात झांजिबारमध्ये दिवसा बाहेरच्या बऱ्याच खानावळी बंद राहतात. संध्याकाळी उपवास सुटल्यानंतर मात्र खाण्याची चंगळ असते. पूर्व कॅरिबियनमधील कित्येक रेस्टॉरंट सप्टेंबर-ऑक्टोबरात, वादळांच्या ऐन हंगामात, मालकांच्या सुट्टीसाठी बंद असतात.

निळाई

सर्वांचे मनापासून आभार. ‘केव्हा’ हा प्रश्न आमच्या डोक्यात आलाच नव्हता. दोन शंका उरल्या आहेत. माझ्या सासूबाई मासे-मांस अजिबात खात नाहीत. त्यांना रोज फळे आणि बटाट्याच्या फोडी यांवर ठेवणे बरे वाटत नाही. आणि गाडीचालक जे ठिकाण सुचवतात ते ऐकावे का?

कवडी

सासूबाईंसाठी तिन्ही बेटे चांगली आहेत, परंतु भाजीत लपलेला मासा ओळखता आला पाहिजे. श्रीलंकेत खोबऱ्याच्या संबोल नावाच्या चटणीत आणि पुष्कळदा भाज्यांतही सुक्या मासळीचा चुरा घालतात, त्याला उंबलकड म्हणतात, म्हणून ‘भाजी आहे ना’ एवढे विचारून भागत नाही. ‘उंबलकड घातले आहे का’ असे नाव घेऊन विचारावे. ते न घालता केलेली डाळ, कोवळ्या फणसाचे कालवण आणि बारीक चिरलेल्या पाल्यात खोबरे घालून केलेले मल्लुम, असे ताट त्यांना नक्की आवडेल. बालीत हाच प्रश्न तेरासीचा, म्हणजे कोळंबीच्या आंबवलेल्या गोळ्याचा आहे. तो संबळ नावाच्या चटणीत असतो आणि गाडो-गाडो या भाज्यांच्या पदार्थावरील शेंगदाण्याच्या रसातही असू शकतो. ‘तान्पा तेरासी’, म्हणजे ‘तेरासीशिवाय’, एवढे दोन शब्द पाठ करून ठेवावेत. टेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची वडी, आणि टोफू तर कोपऱ्याकोपऱ्यावरच्या वारुंगमध्ये, म्हणजे छोट्या खानावळीत, मिळतात. झांजिबारमध्ये नारळाच्या दुधात शिजवलेला राजमा आणि उरोजो नावाचे आंबट पिवळे सार मागावे. उरोजोत भजी, बटाटा, कसावाचे कुरकुरीत काप असे बरेच काही घालतात. वाडग्यात अंडे आणि मांसाचे तुकडे टाकण्याआधीच हात करून थांबवावे लागते, कारण विकणाऱ्याचा हात फार भराभर चालतो.

गाडीचालकांविषयी म्हणाल तर, त्यांचा सल्ला वाईट असतो असे नाही. आपला प्रश्न चुकीचा असतो. ‘चांगले रेस्टॉरंट कोठे आहे’ असे विचारले की त्यांना दलाली देणारे ठिकाण पुढे येते, आणि त्यात गैर मानण्यासारखेही फार काही नाही, तो त्यांच्या पोटाचा भाग आहे. त्याऐवजी ‘तुम्ही आज दुपारी कोठे जेवलात’ असे विचारावे. उत्तर देण्याआधी ते जरा हसले आणि ‘तुम्हाला तेथे आवडणार नाही’ असे म्हणाले, तर तेथेच न्या म्हणून सांगावे, त्यांनाही आपल्याबरोबर जेवायला बसवावे आणि थांबण्याच्या वेळेचे पैसे निघण्यापूर्वीच ठरवून घ्यावेत.