मदत हवी आहे : घरात रांगते बाळ आणि चार वर्षांची मुलगी असताना दिवाळी कशी साजरी करावी?

सर्वांना नमस्कार.

यंदाची दिवाळी आम्ही पुण्यातल्या आमच्या सदनिकेतच साजरी करणार आहोत. एरवी दिवाळीला साताऱ्याला सासरी जायचे हे ठरलेलेच असते. परंतु सासूबाईंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया नुकतीच झाली आहे आणि मुलगा जेमतेम आठ महिन्यांचा आहे, त्यामुळे प्रवास, पहाटेची थंडी आणि पाहुण्यांचा राबता यंदा कोणालाच झेपणार नाही, असे त्यांच्याशी बोलूनच आम्ही ठरवले. माहेरून कोणी येणे शक्य नाही. स्वयंपाकाच्या मावशी त्या दिवसांत सुट्टीवर असतात, आणि त्यांनी ती घ्यायलाच हवी. म्हणजे घरात आम्ही दोघे नवराबायको आणि ही दोन मुले, एवढीच माणसे.

काय काय करावे हा माझा प्रश्न नाही, काय गाळावे हा आहे. मुलगी बालवाडीत जाते. वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंतचा क्रम तिला तोंडपाठ आहे, वर्गात रंगवलेल्या चार पणत्या ती रोज डब्यातून काढून पुसून पुन्हा ठेवते, आणि गेल्या वर्षी साताऱ्याच्या अंगणात चुलत भावंडांबरोबर केलेला किल्ला तिच्या अजून डोळ्यांपुढे आहे. बाळ झाल्यापासून “आत्ता नको, बाळ झोपलंय” हे वाक्य तिने इतके ऐकले आहे की आता बाहुलीशी खेळतानाही ती तेच म्हणते. दिवाळीतही प्रत्येक गोष्टीला बाळाचेच कारण पुढे केले, तर आपला सण धाकट्या भावाने बुडवला अशी तिची समजूत होईल, आणि त्यात तिचे काही चुकले असे मला म्हणता येणार नाही.

दुसऱ्या बाजूला चिरंजीव नुकतेच रांगायला लागले आहेत आणि जमिनीवर सापडेल ती वस्तू थेट तोंडात जाते. म्हणजे रांगोळी, पणत्या, किल्ल्यावरचे मावळे आणि फराळाचा सांडलेला चुरा या सगळ्या गोष्टी नेमक्या त्याच्या उंचीवर येणार. अभ्यंगस्नान पहाटे घालावे की नाही, त्याला उटणे लावावे का, आमच्या इमारतीच्या आवारात रात्री वाजणाऱ्या फटाक्यांच्या आवाजाचे आणि धुराचे काय करावे, हेही प्रश्न आहेतच. शेजारच्या काकू प्रेमाने “एवढासा लाडू चाटव गं त्याला” असे म्हणतात, त्यांना न दुखावता काय सांगावे तेही कळत नाही. भाऊबीज तर दोघांची पहिलीच. तिला स्वतःच्या हाताने ओवाळायचे आहे. आणि पेटते निरांजन, चार वर्षांची बहीण व हाती येईल ते ओढणारा भाऊ हे चित्र डोळ्यांपुढे आले की मला धडकी भरते.

फराळाचा निर्णय झाला आहे. चकली, शेव, चिवडा आणि अनारसे विकत आणणार. रव्याचे लाडू तेवढे घरी करणार, कारण ते वळायचे काम मुलीने आधीच आपल्या नावावर करून घेतले आहे. बाकीच्या गोष्टींबाबत, ज्यांनी लहान मुलांना घेऊन अशी दिवाळी केली आहे, त्यांनी कृपया अनुभव सांगावेत.

प्रतिसाद – दोन मुलांची आई, ठाणे

आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी हीच परिस्थिती होती. रांगोळी दाराबाहेर काढावी आणि ती मुलीनेच काढावी. बाजारातली रांगोळी दगडाची भुकटी असते, रंगीत रांगोळीत कृत्रिम रंगही असतात. ती घराच्या आत आणूच नये. मुलीला घरात काही काढायचे असेल, तर पाटावर तांदळाच्या पिठाने काढू द्यावे आणि पाट ओट्यावर किंवा टेबलावर ठेवावा. आमच्या मुलाला रांगोळी उंचावर ठेवणे म्हणजे फार मानाची गोष्ट वाटली होती.

पणत्यांसाठी खिडकीबाहेरची लोखंडी जाळी आणि स्वयंपाकघराचा ओटा एवढ्या दोनच जागा ठरवून टाका. जमिनीवर, टीपॉयवर किंवा खाली लोंबणाऱ्या मेजपोशावर एकही पणती नको. सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे पणत्या लावण्याची वेळ बाळाच्या झोपेनंतरची ठेवावी. तो अर्धा तास फक्त मुलीचा असतो आणि त्यात कोणी तिला “हळू” म्हणत नाही.

प्रतिसाद – परिचारिका, कोल्हापूर

मी बालरुग्ण विभागात काम करते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

पणत्यांना सुरक्षित पर्याय म्हणून अनेक घरांत विजेवरचे छोटे दिवे किंवा पाणी घातले की लागणारे दिवे आणले जातात. त्यांत बहुधा बटणाच्या आकाराचा चपटा सेल असतो. तो मुलाने गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांच्या आतही आतून गंभीर भाजल्यासारखी जखम होऊ शकते, आणि सुरुवातीला मूल अगदी ठीक दिसू शकते. ज्या दिव्याचे झाकण स्क्रूने बंद होत नाही, तो घरात आणू नका. सेल गिळल्याची नुसती शंका आली, तरी वाट न पाहता मोठ्या रुग्णालयात जावे. घरी उलटी करवण्याचा प्रयत्न करू नये. ज्योतीची भीती सर्वांना असते, या सेलची कोणालाच नसते, म्हणून हे आधी लिहिले.

खाण्याबद्दल सांगायचे, तर एक वर्षाच्या आत मध बोटभरही देऊ नये, कारण त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे तान्ह्या मुलांना बोटुलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. साखर आणि मीठ या वयात टाळावे, त्यामुळे लाडू चाटवण्याचा प्रश्न तिथेच मिटतो. शेजारच्या काकूंना “डॉक्टरांनी वर्षभर गोड बंद ठेवायला सांगितलं आहे” असे सांगावे. डॉक्टरांचे नाव घेतले की कोणी रागावत नाही. त्याच्यासाठी मऊ शिजवलेली रव्याची पातळ खीर साखरेऐवजी कुस्करलेले केळे घालून करा आणि ती फराळाच्या ताटातल्याच वाटीत वाढा.

मुलीकडेही लक्ष असू द्या. चिवड्यातले अख्खे शेंगदाणे, काजू आणि खोबऱ्याचे काप चार वर्षांच्या मुलालाही ठसका लागून श्वासनलिकेत अडकू शकतात. दाणे वगळून किंवा भरडून द्यावेत, बसून खाऊ द्यावे, पळता पळता नाही. दिवाळीत आमच्याकडे येणाऱ्या मुलांत शेंगदाणा अडकलेली मुले असतातच.

कोणी भाजलेच, तर नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटे तो भाग धरावा. बर्फ, टूथपेस्ट, हळद, शाई यांपैकी काहीही लावू नये. फोड आला, किंवा चेहरा वा हात भाजला, तर लगेच डॉक्टरांना दाखवावे.

प्रतिसाद – एका मुलाचे बाबा, नागपूर

किल्ला गाळू नका, एवढेच आग्रहाने सांगतो. गॅलरीत विटा किंवा जुने खोके मांडावे, त्यावर ओले पोते टाकावे आणि वर मातीचा चिखल थापावा. अळीव चार-पाच दिवस आधी पेरले की लक्ष्मीपूजनापर्यंत किल्ल्यावर हिरवळ येते, मोहरीही चालते. रोज सकाळी पाणी शिंपडण्याचे काम मुलीला द्यावे. गॅलरीचे दार बंद ठेवता येत असेल, तर बाळाचा प्रश्न उरत नाही. मावळ्यांऐवजी तिलाच शाडूचे किंवा कणकेचे मोठे सैनिक करू द्या. ते मावळ्यांसारखे दिसणार नाहीत, न दिसोत.

फटाक्यांबाबत आमचा नियम असा आहे की वाजवायचे काहीही घरात आणायचे नाही, आणि सापाची गोळी तर मुळीच नाही. ती आवाज करत नाही म्हणून लहान मुलांना देण्याची पद्धत आहे. परंतु पुण्याच्याच चेस्ट रिसर्च फाउंडेशनने २०१६ साली केलेल्या मोजणीत नागगोळीच्या धुरातले सूक्ष्म कण सगळ्यांत जास्त आढळले होते, लडीपेक्षाही जास्त. फुलबाजी द्यायचीच असेल, तर उघड्यावर, सुती कपडे घालून, आणि शेजारी पाण्याची बादली ठेवून. विझलेली तारही बराच वेळ भाजण्याइतकी तापलेली असते, ती सरळ बादलीत टाकावी.

सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिवाळीत फटाक्यांसाठी रात्री ८ ते १० ही वेळ घालून दिली होती. प्रत्यक्षात काय होते ते आपण सगळे ऐकतोच, पण त्या दोन तासांसाठी खिडक्या बंद करून बाळाला आतल्या खोलीत ठेवावे आणि पंखा चालू ठेवावा. पंख्याची सारखी घरघर असली की बाहेरचा एखादा धमाका तेवढा दचकवत नाही. बाळाच्या कानात कापसाचे बोळे मात्र घालू नयेत. ते काढून तो तोंडात घालेल.

प्रतिसाद – एक आजी, नाशिक

आमच्या काळी एवढा विचार कोणी केला नाही आणि मुले वाढली, हे खरे. पण तेव्हा घरात बाळाला घ्यायला दहा हात होते, हेही तितकेच खरे. तुम्ही दोघेच आहात, तेव्हा विचार करावाच लागेल.

बाळाला पहाटे उठवू नका. तो आपण होऊन उठेल तेव्हा, ऊन वर आल्यावर, कोमट खोबरेल तेलाने हलक्या हाताने मालीश करून आंघोळ घाला. नाकाकानात तेल सोडण्याची जुनी पद्धत सोडून द्या. उटण्याची पूड खरखरीत असते, वास उग्र असतो आणि उडाली तर नाकात जाते. त्याला ते नकोच. मुलीला मात्र पहाटे तुम्ही स्वतः उठवा. तिला पाटावर बसवा, उटणे दुधात किंवा सायीत कालवून आधी तिच्या मनगटाला थोडे लावून पाहा, मग अंगाला लावा, आणि कारीट मिळाले तर तिच्या पायाने फोडू द्या. बाळ झोपलेले असेल आणि आई फक्त तिची असेल. वर्षभर मोठ्या भावंडाला हेच मिळत नाही.

भाऊबीजेला तबक दोन भागांत करा. निरांजन देवापुढे उंचावर लावून ठेवा. तिच्या हातातल्या तबकात कुंकू, सुपारी आणि सोन्याची अंगठी एवढेच द्या, अक्षता नकोत, कारण त्या तो वेचून खाईल. वडिलांनी त्याला मांडीवर घट्ट धरावे, तिने कुंकवाचे अगदी बारीक बोट लावावे, अंगठी आणि सुपारीने ओवाळावे, आणि मग तुम्ही तिचा हात धरून देवापुढच्या ज्योतीकडे तबक फिरवावे. ओवाळून झाले की सुपारी आधी उचला. ओवाळणी भावाच्या नावाने, पण तिला हवी तीच असावी. बाळाच्या कामाची वस्तू तिच्या हातात ठेवू नका.

धागाकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. पाणी घातल्यावर लागणारे दिवे मी मागवलेले होते. आत्ता पाहिले तर झाकण नुसते दाबून बसवलेले आहे, तेव्हा ते परत पाठवत आहे. किल्ला गॅलरीत करायचा, हे मुलीला सांगितले. शिवाजी महाराजांना बसायला जागा पुरेल का, एवढीच तिची शंका आहे. पहाटेचे अभ्यंगस्नान फक्त तिचे आणि बाळाचे उशिरा, हेही पक्के. आजींनी सांगितलेली तबकाची युक्ती मी सासूबाईंना फोनवर सांगितली. त्यांचे म्हणणे, अक्षता तिच्या हातून देवाला वाहून घ्याव्यात, म्हणजे काही राहिले असे वाटणार नाही. तसे करू.

एकच प्रश्न उरला आहे. पाडव्याला इमारतीतली मंडळी फराळाला येतील आणि प्रत्येक जण बाळाला उचलून मुका घेईल. सर्दीखोकल्याचे हे दिवस आहेत. दार बंद करून बसणे आम्हाला आवडणार नाही आणि ते बरे दिसणारही नाही. काय करावे?

परिचारिका, कोल्हापूर

बाळाला त्या वेळी तुमच्या किंवा बाबांच्या अंगाला बांधलेल्या झोळीत ठेवा. अंगाला बांधलेले मूल सहसा कोणी मागून घेत नाही. दाराजवळच्या बेसिनवर साबण ठेवा आणि आलेल्यांना हात धुवायला सांगण्याचे काम मुलीला द्या. चार वर्षांच्या मुलीने हुकूम सोडला की मोठी माणसे हसत हसत ऐकतात. मुका घ्यायचाच असेल, तर पायाचा घ्या, असे सांगा. ज्यांना सर्दी आहे, त्यांना फराळाचा डबा घरपोच देऊन या. शिवाय फ्लूच्या लशीबद्दल तुमच्या बालरोगतज्ज्ञांना आताच विचारा. ती सहा महिन्यांनंतर देता येते, पहिल्या वर्षी चार आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा लागतात, त्यामुळे दिवाळीपर्यंत दोन्ही पूर्ण होतील की नाही ते तारखा पाहूनच कळेल. मुलीची यंदाची मात्रा राहिली असेल, तर तिचेही त्याच वेळी विचारून घ्या. बालवाडीतून सर्दी घरी तीच आणते.