प्रति: जुनी डिझेल व्हॅन सकाळी स्टार्ट होत नाही

दादा, तुमची व्हॅन रात्रभर उभी राहिली की सकाळी दहा-बारा सेल्फ मागते, दिवसभर मात्र नीट चालते. लगेच डिझेल पंप खोलायला देऊ नका, तो खर्च बहुधा वाया जाईल.

आधी सेल्फ मारताना सायलेन्सर बघा. पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोहोचतंय, पेटत नाहीये. इंदूरच्या जानेवारीत हे बहुधा हीटर प्लगचं (थंड इंजिन आतून तापवणारे प्लग) लक्षण. प्लग एकमेकांना जोडणारी पट्टी काढून एकेक प्लग मल्टिमीटरने तपासा: साधारण १ ओहम किंवा कमी म्हणजे चांगला, रीडिंगच नाही म्हणजे जळालेला. सगळे ठीक असतील तर त्यांना करंट देणारा रिले आणि फ्यूज बघा.

धूरच नसेल तर डिझेल पोहोचत नाहीये, बहुधा डिझेलच्या लाइनमध्ये हवा शिरतेय. रात्री डिझेल टाकीकडे उतरतं. गंमत म्हणजे हवा शिरते तिथून बहुधा थेंब गळत नाही, कारण ती पंपाची डिझेल ओढणारी बाजू आहे. म्हणून गळती शोधणारे फसतात. फिल्टर आणि पंपामध्ये वीतभर पारदर्शक नळी लावा, बुडबुडे दिसतील. मग फिल्टरची सील, बॅन्जो बोल्टचे (नळी जोडणारा पोकळ बोल्ट) तांब्याचे वॉशर (जुने परत वापरू नका) आणि नोझलवरच्या रिटर्न नळ्या बदला. शेवटी ब्लीड स्क्रू (हवा काढायचा स्क्रू) सैल करून हँडपंप मारा, फेस थांबून सलग डिझेल आलं की पंप मारता मारताच स्क्रू आवळा.