एक्सव्ही६ मध्ये एमएमॅप: पेज फॉल्ट हँडलरबद्दल सल्ला हवा

माटुंगा_बीई
नमस्कार मंडळी. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी रिस्क-फाईव्ह प्रोसेसरवरच्या एक्सव्ही६ (शिकण्यासाठीची छोटी ऑपरेटिंग सिस्टिम) मध्ये एमएमॅप (फाईल थेट मेमरीच्या पत्त्यांवर दिसण्याची सोय) घालतोय. एसबीआरकेचं (प्रोसेसची मेमरी वाढवणारा कॉल) आळशी वाटप चालू झालंय, पान (मेमरीचा ४०९६ बाइटचा तुकडा) पहिल्या स्पर्शालाच मिळतं. आता फाईल मॅप करायची आहे.
१. पेज फॉल्ट हँडलरमध्ये (पान मेमरीत नसलं की कर्नल चालवतो तो कोड) काय काय आणि कोणत्या क्रमाने तपासायचं?
२. कॉपीआउटमधूनही (कर्नलमधून यूजरच्या बफरमध्ये प्रत करणारं फंक्शन) तोच हँडलर बोलावतो. पण फाईल मॅप करून तीच फाईल त्याच बफरमध्ये रीड केली की प्रोसेस लटकते. पॅनिकही (कर्नल चूक सांगून थांबणं) येत नाही.
३. लॅमिंग्टन रोडवरून खरा बोर्ड आणावा की क्यूएमू एम्युलेटर पुरे?

पवईकर
तिसऱ्याचं आधी सांगतो: बोर्ड आत्ता नको. एक्सव्ही६ ला क्यूएमूत १२८ एमबी लागते, कुठल्याही जुन्या लॅपटॉपवर चालेल. बग पकडेपर्यंत सीपीयूची संख्या १ ठेवा, नाहीतर जीडीबी डीबगरमध्ये डोकं फिरेल.

आता क्रम. यूजरट्रॅपमध्ये एसकॉज (ट्रॅपचं कारण सांगणारं रजिस्टर) १२ म्हणजे सूचना आणताना फॉल्ट, १३ वाचताना, १५ लिहिताना. एसकॉज आणि एसटीव्हॅल (फॉल्टचा पत्ता) लगेच स्थानिक व्हेरिएबलमध्ये घ्या, कारण डिस्क वाचताना प्रोसेस झोपते आणि तोवर दुसरा ट्रॅप ती रजिस्टरं बदलून टाकतो. पत्ता मॅक्सव्हीएइतका (पत्त्यांची वरची मर्यादा) किंवा त्यापेक्षा मोठा आहे का ते सगळ्यात आधी बघा; हे राहिलं तर वॉक (पानांच्या तक्त्यात पत्ता शोधणारं फंक्शन) पॅनिक करतो, म्हणजे एका फालतू यूजर प्रोग्रॅमने अख्खा कर्नल पडतो. मग ४०९६ वर खाली गोल करून व्हीएमए (मॅप केलेल्या भागाची नोंद) शोधा आणि परवानगी जुळते का बघा. त्यानंतर पीटीई (पानांच्या तक्त्यातली त्या पानाची नोंद) आधीच वैध आहे का? असेल तर हा पान नसल्याचा फॉल्ट नव्हे, परवानगीचा भंग आहे (स्टॅकखालचं गार्ड पान असंच सापडतं). प्रोसेस मारा. तिथे मॅपपेजेस (तक्त्यात नोंद घालणारं फंक्शन) बोलावलंत तर 'रीमॅप' पॅनिक ठरलेला.

केॲलॉकने (मोकळं पान देणारं फंक्शन) शून्य दिलं तरी फक्त ती प्रोसेस मरावी. पान मिळालं की पूर्ण ४०९६ बाइट आधी शून्य करा. केॲलॉक पानात ५ भरून देतो, आणि फाईल पानाच्या मध्येच संपली तर ते ५ शेपटीत तसेच राहतात. मग आयलॉक (फाईलच्या आयनोडचं, म्हणजे तिच्या नोंदीचं, कुलूप घेणं), रीडआय (फाईल वाचणं), आयअनलॉक, मॅपपेजेस. मॅपपेजेस फसलं तर केफ्री (पान परत करणं) विसरू नका. आणि कोणी फक्त लिहिण्याची परवानगी मागितली तर वाचण्याचा बिटही लावा. रिस्क-फाईव्हमध्ये डब्ल्यू १ आणि आर ० ही जोडी राखीव आहे.

टीएलबी_ताई
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर वरच्या 'मग आयलॉक' मध्येच आहे. फाइलरीड आयनोडचं कुलूप घेतो, रीडआय कॉपीआउटकडे जातो, कॉपीआउटला पान सापडत नाही म्हणून तुमचा हँडलर येतो, आणि तो त्याच आयनोडचं कुलूप मागतो. ते स्लीपलॉक (मिळेपर्यंत प्रोसेसला झोपवणारं कुलूप) असल्यामुळे प्रोसेस स्वतःचीच वाट बघत झोपते. पॅनिक कुठून येणार?

पाइपमध्ये उलटं होतं. पाइपरीड आणि पाइपराइट स्पिनलॉक (जे धरून झोपता येत नाही असं कुलूप) धरून कॉपी करतात; तिथे फॉल्ट आला आणि डिस्कसाठी झोपायची वेळ आली की 'शेड लॉक्स' पॅनिक. वेटसुद्धा स्टेटस कॉपी करताना दोन स्पिनलॉक धरून असतो. एसबीआरकेच्या पानांना हा त्रास होत नाही, कारण केॲलॉक झोपत नाही. म्हणून आळशी वाटप बरोबर चाललं यावरून काहीच सिद्ध होत नाही!

उपाय: फाइलरीड, फाइलराइट आणि वेट यांच्या अगदी सुरुवातीला, कुठलंही कुलूप घेण्याआधी, बफरच्या पहिल्यापासून शेवटच्या पानापर्यंत फिरा आणि नसलेली पानं आणून ठेवा. एक्सव्ही६ मध्ये स्वॅप नाही आणि थ्रेडही नाहीत, त्यामुळे आणलेलं पान मधल्या मध्ये जात नाही. लिनक्सला ही चैन नाही. तिथे साधारण फाईल राइटच्या वाटेत फॉल्ट बंद ठेवून कॉपी करतात, आणि कॉपी अपुरी राहिली तर पान आणून पुन्हा प्रयत्न.

पवईकर
बरोबर. माझ्या क्रमात हे यायला हवं होतं.

मुलुंड_बिट
मन्मॅपचंही (मॅप काढून टाकणारा कॉल) आत्ताच बघून घ्या. न शिवलेल्या पानांवर जुनं यूव्हीएमअनमॅप 'नॉट मॅप्ड' म्हणून पॅनिक करतं, तिथे पुढच्या पानावर जा. शेअर्ड पानं (ज्यांतले बदल फाईलमध्ये जातात) परत लिहिताना दोन गोष्टी: एका ट्रान्झॅक्शनमध्ये (डिस्कवर एकदम होणाऱ्या बदलांचा गट) फाइलराइटसारखेच जास्तीत जास्त ३०७२ बाइट लिहा, आणि फाईलच्या सध्याच्या आकारापलीकडे लिहू नका, नाहीतर १० बाइटची फाईल मन्मॅपनंतर ४०९६ ची होते. बिगीन_ऑप (ट्रान्झॅक्शनची सुरुवात) नेहमी आयलॉकच्या आधी. बदललेलीच पानं लिहायची असतील तर पीटीईचा बिट ७ (शून्यापासून मोजून), डर्टी, म्हणजे पानावर लिहिलं गेलं का ते सांगणारा, वाचा. एक्सव्ही६ मध्ये त्याची व्याख्या नाही, आपण घालायची.

बोर्डाचा विषय इथे पुन्हा येतो. क्यूएमू ॲक्सेस्ड (पान वापरलं गेलं का) आणि डर्टी बिट स्वतः लावतो. काही खऱ्या चिप लावत नाहीत, बिट ० दिसला की फॉल्ट देतात. तुमचा हँडलर 'पीटीई वैध, म्हणजे भंग' असं समजून निरपराध प्रोसेस मारेल. बोर्डावर जायची वेळ आली की वैध पीटीईच्या फांदीत हे दोन बिट आधी तपासा.

माटुंगा_बीई
आधी पानं आणून ठेवली, रीड चाललं. आभार. फोर्कमध्ये (नवी मूल-प्रोसेस बनवताना) व्हीएमएची प्रत आणि फाइलडप (उघड्या फाईलचा वापर एकने वाढवणं) केलंय. मुलाला पानं कॉपी करून देऊ की त्याची त्यालाच फॉल्टवर आणू दे?

टीएलबी_ताई
मॅप प्रायव्हेट (बदल फाईलमध्ये न जाणारा) असेल तर शिवलेली पानं कॉपीच करा. डिस्कवरून पुन्हा आणलीत तर बापाने केलेले बदल मुलाला दिसणार नाहीत. शेअर्ड असेल तर दोघांना एकच भौतिक पान हवं, नाहीतर एकाचं लिहिलेलं दुसऱ्याला दिसत नाही. त्यासाठी प्रत्येक पानाला संदर्भमोजणी (पान किती जण वापरतात त्याची संख्या) लागते. १२८ एमबी भागिले ४०९६, म्हणजे ३२७६८ नोंदींचा एक ॲरे, त्याला स्पिनलॉक, आणि केफ्रीमध्ये मोजणी ० झाली तरच पान मोकळं. फोर्कनंतर शिवलेल्या शेअर्ड पानांसाठी एवढंही पुरत नाही, आयनोड आणि ऑफसेटवरून पान शोधणारा तक्ता लागेल. तो प्रकल्पाच्या दुसऱ्या सत्रात घ्या. कॉपी-ऑन-राइट (लिहिलं की मगच पानाची प्रत) करणार असलात तर संदर्भमोजणी तिथेही लागेलच, म्हणून ती आत्ताच नीट लिहा.