मुठीची चीर : सुरी टाकू नका

शिसवी मुठीला सहा महिन्यांत चीर गेली म्हणून दुकानदाराने फसवलं, असं तुम्ही म्हणताय. मला नाही तसं वाटत. लाकूड त्याच्या अंगच्या रेषांना (धाग्यांना) आडवं आकसतं-फुगतं, लांबीत जवळपास नाहीच. पुण्याच्या पावसाळ्यात ते ओल पितं, मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत सुकतं. आतली स्टीलची पट्टी आणि रिबिटं मात्र जागची हलत नाहीत. मग रिबिटापाशी किंवा मुठीच्या टोकाला लाकूडच फाटतं.

चिरेवरून नख फिरवा. अडकलं नाही तर सोडून द्या. अडकलं तर मूठ आठवडाभर सुकू द्या, चिरेत शिसवीचाच भुसा दाबून फेविक्विकचा थेंब सोडा, वर बारीक पॉलिश पेपर. बोहरी आळीतून आणलेल्या आमच्या सुरीची चीर अशी बुजवली, आता मलाच सापडत नाही. पातं डुगडुगत असेल तर मात्र मूठच बदला.

नंतर जवसाचं तेल चोळा. शेंगदाण्याचं नको, ते वाळत नाही, चिकट होऊन खवट वास मारतं. जवसाच्या तेलाचं फडकं चुरगळून ठेवू नका, आपोआप पेटू शकतं; पसरून वाळवा. आणि सुरी सिंकमध्ये भिजत टाकायची नाही (यावरून आमच्याकडे रोज भांडण).