टुखेल आला आणि तोच बचाव बदलला. मग श्रेय कोणाचं?

निळी बाजू
ऑफिसच्या ग्रुपवरचा वाद मीटिंगमुळे अर्धवट राहिला, म्हणून इथे आणतोय. संघाचा बचाव भक्कम असतो तो कोचमुळे की बचावपटूंच्या अंगच्या गुणांमुळे? माझं मत ठाम आहे. गोल करायला प्रतिभा लागते, गोल वाचवायला मास्तर लागतो.

एकच हंगाम बघा. २०२०-२१, इंग्लंडमधला फुटबॉल क्लब चेल्सी. लीगच्या पहिल्या १९ सामन्यांत कोच लॅम्पार्डच्या संघाने २३ गोल खाल्ले. २५ जानेवारीला त्याला नारळ मिळाला, दुसऱ्या दिवशी टुखेल आला. उरलेल्या १९ सामन्यांत गोल खाल्ले १३. नवा बचावपटू एकही घेतला नव्हता. तोच सिल्वा, तोच अझ्पिलिक्वेटा, तोच क्रिस्टेनसन. आणि तोच रुडिगर, जो हंगामाच्या सुरुवातीला बाकावर बसून होता. टुखेलने मागे तिघं उभे केले, त्यांच्या पुढ्यात दोघं मधले, आणि मधली वाट बंद करून टाकली. समोरच्याला म्हटलं, जा बाबा कडेकडेने, तिकडून काय करायचं ते कर.

त्याच्या पहिल्या ५० सामन्यांत ३१ क्लीन शीट, म्हणजे एकही गोल न खाल्लेले सामने. माणसं जुनी, मांडणी नवी. याच्यावर काय बोलणार?

पेठेतला स्टॉपर
बोलतो की. आकडे बरोबर आहेत भावा, पण एक सामना सोयीने गिळलास.

३ एप्रिल २०२१. घरचं मैदान, समोर वेस्ट ब्रॉम, जे त्या वर्षी खालच्या विभागात गेले. तोवर टुखेलच्या १४ सामन्यांत चेल्सीने फक्त २ गोल खाल्लेले. २९व्या मिनिटाला थियागो सिल्वाला लाल कार्ड. शेवटचा स्कोअर २-५. मांडणी कुठं गेली त्या दिवशी? कोच तर कडेला उभाच होता, हातवारे करत.

निळी बाजू
काका, तासभर दहा जण खेळत होते. तो अपवाद आहे.

पेठेतला स्टॉपर
दहा जणांनी एक-दोन गोलांत कसं निभवायचं हे शिकवणं कोणाचं काम मर्दा? आणि सिल्वा गेल्यावर त्याने लगेच क्रिस्टेनसनला आत घातला होता. बचावातला आकडा भरला, माणूस भरला नाही. छत्तीस वर्षांचा तो गडी नुसता उभा असला तरी बाकीच्यांना कुठं उभं राहायचं ते कळायचं.

निळी बाजू
बरं झालं सिल्वा-क्रिस्टेनसन जोडी तुम्हीच काढलीत. २९ मे, पोर्तो, चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना, समोर मँचेस्टर सिटी. ३९व्या मिनिटाला सिल्वा दुखापतीने बाहेर. आत कोण? तोच क्रिस्टेनसन. पुढचा अख्खा सामना सिटीला गोल नाही, साऱ्या सामन्यात त्यांचा फटका गोलाच्या रोखाने गेला तो जेमतेम एक. आता सांगा, माणूस भरला की नाही?

अंडर थर्टीन
मी ठाण्यात बारा-तेरा वर्षांच्या मुलांना शिकवतो, म्हणून थोडं खालून बोलतो.

लहान मुलगा बचावात पहिली चूक कोणती करतो? चेंडूकडे बघत राहतो. चेंडू डाव्या कडेला असतो, याचा माणूस याच्या पाठीमागून गोलाकडे निघालेला असतो, आणि हा देवळात आरती चालल्यासारखा चेंडूकडे तोंड करून उभा. यावर आमचा एक खेळ आहे. मी कडेने चेंडू उंच टाकतो. माझा सहकारी मुलाच्या पाठीमागे उभा राहून हाताची बोटं दाखवतो, कधी तीन, कधी एक. चेंडू पोचायच्या आत मान वळवून बघायचं, आकडा ओरडायचा आणि मग चेंडू मारायचा. पहिल्या दिवशी चौदातल्या दोघांना जमतं. बाकीच्यांचा एकतर आकडा चुकतो नाहीतर चेंडू. एकाच्या तर चेंडू थेट नाकावर बसला होता, आणि रडता रडता तो म्हणाला, "सर, चार!" चारच होती.

महिनाभरात नऊ-दहा जणांना जमायला लागतं. म्हणजे शिकवून होतं. माझं मत निळ्या बाजूला.

पेठेतला स्टॉपर
नाकावर घेऊन चार सांगणाऱ्या पोराला सोडू नका. आणि उरलेल्या चौघांचं काय, ते सांगितलं नाही.

अंडर थर्टीन
दिवाळी आली तरी ते चेंडूकडेच बघत असतात. आणि पहिल्याच दिवशी जमलेल्या दोघांपैकी एक सरावाला येत नाही, थेट सामन्याला उगवतो आणि सगळ्यांत चांगला खेळतो. ही माझीही ठसठस आहे.

कॉपची चौथी रांग
मी मँचेस्टरमध्ये राहतो आणि लिव्हरपूलचा आहे, त्यामुळे शेजारी फक्त हवामानावर बोलतात.

आमच्याकडचा प्रयोग याहून स्वच्छ आहे. चेल्सीत माणसं तीच राहिली आणि कोच बदलला, आमच्यात कोच तोच राहिला आणि माणूस बदलला. क्लॉप २०१५च्या ऑक्टोबरात आला. २०१६-१७ या त्याच्या पहिल्या पूर्ण हंगामात ४२ गोल खाल्ले. कॉर्नर आला की घरात टीव्हीसमोर आम्हीच उभे राहायचो, जणू आम्हीच हेडर मारणार. २०१८च्या जानेवारीत साडेसात कोटी पाऊंड मोजून बचावपटू व्हॅन डाइक आणला. २०१८-१९ मध्ये ३८ सामन्यांत २२ गोल. क्लॉप त्या जानेवारीत अचानक शहाणा झाला का?

मग १७ ऑक्टोबर २०२०, एव्हर्टनविरुद्ध त्याचा गुडघा गेला. त्या हंगामात पुन्हा ४२ गोल, आणि ॲनफिल्डवर, आमच्या घरच्या मैदानावर, लीगचे ओळीने सहा सामने हरलो. आणलं तेव्हा सुधारलं, गेला तेव्हा बिघडलं. आणखी काय दाखवू?

निळी बाजू
मी दाखवतो. त्याच महिन्याच्या ४ तारखेला ॲस्टन व्हिलाने तुम्हाला ७-२ ने धुतलं. व्हॅन डाइक पूर्ण सामना मैदानात होता.

आणि त्याच हंगामाच्या शेवटी? व्हॅन डाइक, गोमेझ, मातिप, तिघेही जायबंदी. बचावाच्या मध्यावर नॅट फिलिप्स आणि ऱ्हीस विल्यम्स, ज्यांची नावं हंगामाच्या सुरुवातीला तुमच्याच लोकांना धड माहीत नव्हती. शेवटच्या दहा लीग सामन्यांत एकही हार नाही, आठ जिंकले, तिसऱ्या क्रमांकावर आलात. हे कोणाच्या प्रतिभेवर?

कॉपची चौथी रांग
७-२ काढणार हे माहीत होतं. त्या दिवशी अलिसन नव्हता.

हातमोजे
धन्यवाद! इतका वेळ वाट बघत होतो की गोलकीपरचं नाव कोणी घेतं का. २०१८-१९ चे २२ गोल एकट्या व्हॅन डाइकच्या खात्यावर टाकून मोकळे झालात, पण अलिसन त्याच हंगामाआधी आला होता ना? आम्ही गोल वाचवला की बचाव भक्कम, आणि खाल्ला की गोलकीपर ढिसाळ. चालू द्या.

सान सिरो
हा वाद मिलानमध्ये तीस-पस्तीस वर्षांपूर्वी होऊन गेला आहे.

१९८७ साली एसी मिलानचा कोच म्हणून साक्की आला. स्वतः कधी व्यावसायिक खेळाडू नव्हता, बुटांच्या कारखान्याचा विक्रेता होता, त्यामुळे लोक नाकं मुरडत होते. खुलित आणि व्हॅन बास्टन या आपल्याच बड्यांना पटवायला त्याने सरावात पैज लावली. गोलकीपर आणि चार बचावपटू एका बाजूला: टासोटी, बारेसी, कोस्ताकुर्ता, मालदिनी. समोर दहा जण, पण कसलीही मांडणी न ठरवता खेळणारे. पंधरा मिनिटं. दहा जणांना एकही गोल करता आला नाही. पहिल्याच हंगामात लीगमध्ये ३० सामन्यांत १४ गोल खाल्ले आणि विजेतेपद आणलं.

पेठेतला स्टॉपर
ते चार जण कोण होते ते बघा की एकदा. बारेसी आणि मालदिनी! त्यांच्या जागी आमच्या गल्लीतले चौघं उभे करून पैज लावली असती का त्या साक्कीनं?

सान सिरो
पुढचं ऐका. साक्की गेला, कपेल्लो आला. १९९३-९४ मध्ये ३४ सामन्यांत १५ गोल खाऊन पुन्हा लीग जिंकली. मास्तर बदलला, बचाव तसाच. काका खूश.

पण त्याच हंगामात अथेन्सला, १८ मे १९९४, युरोपचा अंतिम सामना, समोर क्रायुफची बार्सिलोना, रोमारिओ आणि स्टोइचकोव्हसकट. बारेसी आणि कोस्ताकुर्ता दोघेही बंदीमुळे बाहेर. कपेल्लोने मालदिनीला डावीकडून उचलून मध्यावर घेतलं, शेजारी फिलिप्पो गल्ली. निकाल ४-०, मिलान. आता निळी बाजू खूश. मी तरी वर्षानुवर्षं इकडून तिकडे आणि तिकडून इकडे जातोय.

निळी बाजू
मी सांगतो, तुम्ही माझ्याच बाजूला आहात. साक्कीने चार वर्षं घोटून घेतलं ते तो गेल्यावर पुसलं जात नाही. कपेल्लोला तयार पाढे पाठ असलेला वर्ग मिळाला.

पेठेतला स्टॉपर
आता माझं सांगतो. ऐकून मग ठरवा मी कुठल्या बाजूचा.

कोल्हापुरात पेठेच्या संघाकडून नऊ वर्षं बचावात खेळलो. उंची पाच फूट सहा. हवेतला बॉल आयुष्यात माझा झाला नाही. आमचे ट्रेनर संध्याकाळी आम्हा चौघांना बॉलच द्यायचे नाहीत. नुसतं एका रेषेत पुढं, एका रेषेत मागं. एकदा तर घरनं कासरा घेऊन आले. बैलाचा. चौघांच्या कमरेला ओळीनं बांधला आणि म्हणाले, आता पळा, ज्याचा कासरा ताणला त्यानं मैदानाला दहा फेऱ्या. पहिल्याच दिवशी एक घसरला आणि मागोमाग तिघं लोळलो. बघायला आलेली निम्मी पेठ हसत होती. पण महिन्यानं काय झालं सांगू? कासरा सोडला तरी कंबरेला तो जाणवायचा. डावीकडचा दोन पावलं सरकला की माझे पाय आपोआप सरकायचे. त्या वर्षी आम्ही लय कमी गोल खाल्ले. ते सगळं ट्रेनरचं.

मग उपांत्य सामना, शाहू स्टेडियम भरलेलं. आमची फळी पुढं गेलेली असताना बॉल सुटला. पेनल्टी एरियाच्या कोपऱ्यावर फक्त मी आणि त्यांचा फॉरवर्ड. तिथं कासरा नव्हता. त्यानं डावा खांदा टाकला, मी गेलो, तो उजवीकडनं निघून गेला. गोल.

पुढच्या वर्षी तोच संघ, तोच फॉरवर्ड, जवळजवळ तीच जागा. या खेपेला माझ्याऐवजी माझा जोडीदार समोर. त्यानंही खांदा टाकला. आमचा गडी हललाच नाही. बॉलवर नजर ठेवून उभा राहिला आणि अलगद पाय घालून बॉल काढून घेतला, भाजीवाल्याकडनं सुट्टे पैसे घ्यावेत तसा.

ट्रेनर चांगला असेल तर तुला एकटा पडू देत नाही, नव्वद मिनिटांत दहा वेळा पडणार असशील ते दोनदावर आणतो. पण त्या दोन वेळी जे काय करतोस ते तुझं तुझं असतं.

अंडर थर्टीन
काका, सुंदर. पण ते "खांद्याकडे नको, बॉलकडे बघ" हे तर आम्ही पहिल्या आठवड्यात शिकवतो.

पेठेतला स्टॉपर
मलापण तेच शिकवलं होतं सर. आम्हा दोघांना, एकाच दिवशी, एकाच माणसानं.

हातमोजे
आणि त्या गोलाला शिव्या कोणाला बसल्या? गोलकीपरलाच ना?

पेठेतला स्टॉपर
त्यालाच. अजून भेटला की चहा मीच पाजतो.

कॉपची चौथी रांग
निळ्या बाजूला एक शेवटचा प्रश्न. २०२२च्या उन्हाळ्यात रुडिगर माद्रिदला गेला, क्रिस्टेनसन बार्सिलोनाला. बदल्यात मोठ्या रकमा देऊन कुलिबाली आणि फोफाना आणले. कोच टुखेलच. लीगच्या पहिल्या सहा सामन्यांत ९ गोल, आणि ७ सप्टेंबरला टुखेलची हकालपट्टी. जानेवारी २०२१ मध्ये तर त्याने वुल्व्हजविरुद्ध एका दिवसाच्या सरावावर ०-० करून दाखवलं होतं. मग इथे सहा सामने का पुरले नाहीत?

निळी बाजू
कारण दोन खांब एकदम निघाले होते! नव्यांना एकमेकांची सवय व्हायला वेळ लागतो. रुडिगर मागून धावत जाऊन जे बॉल काढायचा ते

निळी बाजू
चुकून अर्धवटच पोस्ट झालं. काय लिहीत होतो ते लक्षात आलं आहे, हसू नका.

कॉपची चौथी रांग
हसत नाही. स्क्रीनशॉट मात्र काढून ठेवलाय.

पेठेतला स्टॉपर
पोराला त्रास देऊ नका. रविवारी आमच्या जुन्या खेळाडूंचा सामना आहे आणि स्टॉपरला मीच आहे, वय त्रेपन्न. आमचे तेच ट्रेनर आता पंच्याहत्तरीला आलेत. आज सकाळी त्यांना तुमचा हा सगळा वाद वाचून दाखवला आणि विचारलं, तुम्ही सांगा, कोच का खेळाडू? म्हणाले, कासरा अजून आहे माझ्याकडं, साडेसहाला ये.